वाळूच्या थरांनीं राखलेलें शहर
ऑगस्ट १८९२ मध्यें जर्मनींतील हांबुर्ग शहरांत पटकीनें थैमान घातलें. सुमारें ८,६०० माणसें दगावलीं. लगतच्या आल्टोना शहरांत मात्र मृत्यूचें प्रमाण फारच अल्प राहिलें. नवल हें कीं, दोन्ही शहरें एल्ब नदीचेंच पाणी पीत. आणि आल्टोना तर हांबुर्गचें सांडपाणी मिसळल्यानंतरचें! भेद एवढाच, कीं आल्टोनाचें पाणी वर बारीक वाळू व खालीं खडी अशा थरांतून संथपणें झिरपे. वाळूवर जमणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या सायींत रोगजंतु अडकून नाश पावत. लंडनमध्यें जेम्स सिम्प्सन यांनीं अशी गाळणी १८२९ सालींच उभारली होती. हांबुर्गनें ती १८९३ मध्यें चालू केली. एकच वर्ष आधीं ती असती, तर हजारों जीव वांचते.