पेटस्की
पेटस्की ही कमोडोर कंपनीच्या ८-बिट घरगुती संगणकांवरील वर्णसंकेतन पद्धती होय. ती १९७७ मध्ये ‘पेट’ या संगणकाबरोबर आली. तिचा पाया आस्कीची १९६३ ची आवृत्ती हा होता. त्या आवृत्तीत स्मॉल इंग्रजी अक्षरेच नव्हती. या उणिवेचा फटका पुढे बसला. ‘कमोडोर ६४’ (१९८२) मध्ये ६५ ते ९० हे संकेतांक स्मॉल अक्षरांकडे गेले. प्रमाण आस्कीत ते कॅपिटल अक्षरांचे आहेत. त्यामुळे मोडेमवरून पाठवलेला स्मॉल अक्षरांतील मजकूर रूपांतराविना अन्य संगणकावर कॅपिटलमध्ये उमटे. कॅपिटल अक्षरांचे १९३ ते २१८ हे संकेतांक तर ७-बिट आस्कीच्या कक्षेबाहेरच पडत. पेटस्कीचे खरे वैभव मात्र तिच्या रेषा, ठोकळे व पत्त्यांतील बदाम-इस्पिक अशा चिन्हांत होते. त्यांच्या जुळणीतून तुटपुंज्या स्मृतीतही खेळांची चित्रे रेखाटता येत. यांपैकी युनिकोडमध्ये नसलेली अनेक चिन्हे २०२० च्या १३.० या आवृत्तीत समाविष्ट झाली.