बीडीडीतला शेजार

वरळीच्या बीडीडी चाळी इंग्रज सरकारने १९२०च्या दशकात बांधल्या, मुख्यतः कामगारांसाठी. पुढे त्यांत सत्याग्रहींनाही डांबलं. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. आमच्यात आणि शेजाऱ्यांत भिंत होती म्हणायची. दारं दिवसभर सताड उघडी, त्यामुळे काकींच्या हातची तिखलं-भाकरी हाणून मी बऱ्याचदा तिथेच पसरायचो.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. काकांनी वर्षभर तग धरला, मग खोली चुलत्याच्या ताब्यात देऊन बिऱ्हाड कणकवलीला हलवलं. इतिहासकार बंद पडलेल्या गिरण्या मोजतात. आमची मोडलेली क्रिकेट टीम कुठल्याच हिशोबात नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. लिफ्टमध्ये एका टकल्या गृहस्थाने मला निरखलं. "बाब्या, अजून रडीचो डाव खेळतंस काय रे?" शेजारच्या काकांचा मुलगा, तोच! आता घर ५०० चौरस फुटांचं. पहिला तासभर आम्ही मेंटेनन्स किती येईल यावरच भांडलो. वहिनी चहा ठेवताना म्हणाल्या, "तुम्ही आजच भेटलात ना?"