लाल विंचू आणि चेतापेशीचं दार

धाराशिव जिल्ह्यातल्या माळरानावर शिकवणाऱ्या शिक्षकांना विंचवाची ओळख करून द्यायला नको. चेतापेशीचा धडा मात्र आपण ‘आवेग पुढे जातो’ एवढ्यावरच उरकतो. तो कसा जातो, हे या विंचवामुळे चांगलं कळतं.

चेतापेशीच्या आत पोटॅशियमचे आयन जास्त, बाहेर सोडियमचे. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. हॉजकिन आणि हक्सली यांनी कोकणातल्या माकुलाच्या जातकुळीतल्या एका समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग केले. आवेग येतो तेव्हा आधी सोडियम आत शिरतं आणि मग पोटॅशियम बाहेर पडतं, हे त्यांनी १९५२ साली मांडलं. सोडियमचे मार्ग उघडतात आणि साधारण एका मिलिसेकंदात बंद होतात. शिकवताना नेमकं हे बंद होणंच राहून जातं! एकेका आयनमार्गातला प्रवाह प्रत्यक्ष मोजला तो नेहर आणि साकमान यांनी, १९७६ साली.

लाल विंचवाच्या विषातली काही प्रथिनं सोडियमच्या या मार्गांना चिकटतात आणि त्यांना वेळेवर बंद होऊ देत नाहीत. मग चेतापेशी आवेगामागून आवेग सोडत राहते. वेदना असह्य होतात, पण मृत्यू येतो तो वेदनेमुळे नव्हे. चेतातंतूंच्या टोकांतून अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं.

हे सारं रुग्णाच्या उशाशी बसून टिपलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. मूळचे जालना जिल्ह्यातले हे डॉक्टर रायगड जिल्ह्यात महाड भागात काम करत होते. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय ही धोक्याची पूर्वचिन्हं आहेत, असं त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. (शाळेतल्या मुलात ही दिसली तर उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.) आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं, पण ते शिरेतून, सतत लक्ष ठेवून द्यावं लागतं. खेड्यात हे कसं जमणार? मग त्यांनी रक्तदाबावरची साधी गोळी निवडली: प्राझोसिन. ही गोळी सोडियमचं दार बंद करत नाही. उसळलेल्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम तेवढा अडवते. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं.

विष पकडणारी प्रतिविषलस पुढे मिळू लागली. बावस्कर पतिपत्नींनी ७० रुग्णांवर तुलना करून २०११ साली ती प्रसिद्ध केली. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले; नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८.