ओतूरच्या जोशांची दक्षिणा

सत्यशोधक लग्नाचा जन्म कुठे झाला असं विचारलं की पुस्तकं पुण्याकडे बोट दाखवतात. 24 सप्टेंबर 1873 ला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचं लग्न पुरोहिताशिवाय लागलं. तारखा खऱ्या आहेत. पण शहरात चार धीट माणसांनी मिळून लावलेल्या लग्नाला मी प्रयोग म्हणेन. त्याची प्रथा झाली जुन्नर तालुक्यात, ओतूरला. आणि तिचा जन्मदाखला लिहून दिला तो तिला विरोध करणाऱ्या ग्रामजोशांनी.

हकीकत थोडक्यात अशी. 1880 च्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील डुंबरे यांनी आपल्या घरचं लग्न जोशांना न बोलावता लावलं. जोशांनी दक्षिणा बुडाली म्हणून दावा ठोकला. तो वर चढत चढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने निकालसंग्रहाच्या मुंबई मालिकेत, 14 व्या खंडात, छापला गेला. सत्यशोधकांच्या परंपरेत हा खटला आपला विजय म्हणूनच सांगितला जातो. मला मात्र निकालापेक्षा दाव्याचं मोल जास्त वाटतं.

तो दावा कळायला ग्रामजोशाचं वतन कळलं पाहिजे. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी तसाच जोशीही बलुतेदार. खळ्यावर रास झाली की सुताराच्या पाटीत धान्य पडायचं, तसं जोशाच्याही. तो पंचांग सांगायचा, मुहूर्त काढायचा, लग्न लावायचा, बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं बघायचा. पण दोघांत एक मोठा फरक होता. सुताराने नांगर केलाच नाही तर त्याने बलुतं कुठल्या तोंडाने मागायचं? जोशाचं तसं नव्हतं. त्याचं काम वतन होतं, वतन म्हणजे मालमत्ता, आणि इंग्रजी कोर्टांनी ती मालमत्ता म्हणूनच मानली. यजमानाने गावचा जोशी डावलून दुसऱ्या ब्राह्मणाकडून विधी करून घेतला तरी गावच्या जोशाला त्याची दक्षिणा वसूल करता येते, असे निकाल मुंबई इलाख्यात ओतूरच्या आधीच झाले होते. शेजारच्या आळीतला जोशी चांगलं म्हणतो म्हणून त्याला बोलावलंत तर दोघांना पैसे द्या, असा त्याचा अर्थ.

त्या निकालांत एक गोष्ट गृहीत होती. कुणीतरी पुरोहित येणारच; प्रश्न इतकाच की कोणता. ओतूरकरांनी नेमकं तेच गृहीतक उडवून लावलं. इथे दुसरा जोशी आलाच नव्हता. मग जोशांनी मागायचं काय? विधी आम्ही केला नाही, दुसऱ्या कुणी ब्राह्मणानेही केला नाही, तरी लग्न झालं, म्हणून आमची नुकसानभरपाई द्या. ही मागणी दोनदा वाचून पाहा. लग्न झालंच नाही असं जोशी म्हणाले असते तर भरपाई मागायला जागाच उरली नसती. पैसे हवेत तर लग्न झालं हे कबूल करणं भाग होतं. अक्षता पडल्या, मंत्र नव्हते, आम्ही नव्हतो आणि तरी जोडपं नांदतं आहे, हे धर्माच्या रखवालदारांनी आपल्या सहीने सरकारी कागदावर घातलं. पुण्यातल्या कुठल्याही सत्यशोधकाला असा कागद मिळाला नव्हता.

या खटल्याकडे मी वळलो तो भलत्याच वाटेने, नाणेघाटातून. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं आहे. बाहेर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण, आत भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी, मधेमधे दगड झडून गेलेला. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आता त्यांची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. विल्यम साइक्सने 1828 मध्ये या लेण्याची दखल घेतली, पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी लेख वाचला. राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो आणि त्यातले आकडे भारतातल्या अगदी जुन्या कोरीव आकड्यांत मोडतात, म्हणून गणिताचे अभ्यासक तिथे जातात. पण ते आकडे कशाचे आहेत? दक्षिणेचे! यज्ञामागून यज्ञ येतो, अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येकापुढे हिशेब: एका ठिकाणी 1700 गाई आणि 10 हत्ती, दुसऱ्या ठिकाणी 24,400 कार्षापण. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे दक्षिणेचं खातं ज्या जुन्नर तालुक्यात दगडात कोरलेलं आहे, त्याच तालुक्यातल्या एका पाटलाने दक्षिणा द्यायचं नाकारलं. हे लक्षात आलं आणि मग मला दुसरं काही सुचेना.

या दोन टोकांच्या मधला प्रवास वाचकांना माहीत आहे: खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली श्रावणातली दक्षिणा, पर्वतीच्या पायथ्याचा रमणा, मग इंग्रजांचा दक्षिणा फंड. तो सोडून देतो. मला छळतो तो प्रश्न असा, की हे ओतूरलाच का?

पहिलं उत्तर लेण्याद्री दाखवणारे देतात. शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री, जुन्नरभोवती बौद्ध लेण्यांचं एवढं मोठं मोहोळ दुसरीकडे नाही. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने इथे लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे, यवन दात्यांचे लेख आहेत. यज्ञ न मानणाऱ्या धर्माला व्यापारी-कारागिरांनी पोसलेली ही भूमी, म्हणून इथे बंड होणारच, असं म्हणतात. ऐकायला गोड लागतं. पण मधल्या शेकडो वर्षांत त्या लेण्यांना गावोगावचे लोक पांडवांची आणि देवांची करून बसले होते, लेण्याद्रीच्या विहारात अष्टविनायकातला गिरिजात्मज बसला होता. दगडाला आठवण असेल, शेतकऱ्याला नव्हती.

दुसरं उत्तर याहून जड आहे आणि ते खुद्द ओतूरचं आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला, मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराजवळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात आणि सारं खोरं लोटतं. देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको हे वारकऱ्यांनी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या गायलं, तिथे बाळाजी पाटील उभे राहिले यात नवल काय? या मताशी मी बराच झगडलो. भजनाची सवय कामाला आली असणार, हे मान्य. पण हाच वारकरी टाळ खाली ठेवून पोरीच्या लग्नाला जोशालाच बोलावत होता, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नव्हती. भक्तीने पुरोहिताला देवळात बाजूला सारलं, मांडवात नाही.

तिसरं उत्तर सावकारीचं. 1875 मध्ये सुप्यात पेटलेले दख्खनचे दंगे, पाठोपाठ 1879 चा दख्खन शेतकरी कायदा, जुन्नर भागातल्या कुळांनी खंड कमी होईपर्यंत जमिनी कसायच्या नाहीत म्हणून धरलेला हट्ट. दक्षिणा हा त्या ओझ्यातलाच एक दगड. हे खरं आहे आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचणाऱ्याला ते नव्याने सांगायला नको: त्यात जन्मापासून मरणापर्यंत आणि मेल्यावरही शेतकऱ्याकडून काय काय काढलं जातं याची जंत्री आहे. तरी नुसत्या कर्जाने माणूस सावकाराच्या वह्या जाळतो; लग्नाची नवी रीत रचत नाही. रीत रचायला कुणीतरी ती आधी विचारात आणावी लागते.

इथे मला अमेरिका आणावी लागते. शेजारच्या नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन होतं आणि 1842 पासून त्यांचं ‘ज्ञानोदय’ निघत होतं. सत्यशोधकी म्हणजे पाद्र्यांचाच पडसाद, असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ‘ज्ञानोदया’त त्यांच्या शाळांच्या बातम्या येत. पण ज्या पुस्तकाने तरुण जोतीरावांना पेटवलं ते होतं थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’. हा पेन म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा लेखक, 1776 चा ‘कॉमन सेन्स’ त्याचाच. पुढे ‘एज ऑफ रीझन’मध्ये त्याने चर्चला हात घातला आणि अमेरिकेतल्या धर्मोपदेशकांनी त्याला असा वाळीत टाकला की 1809 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मागे मोजकी माणसं होती. मिशनऱ्यांना पेन विषासारखा. तेव्हा हा पडसाद असेल तर पाद्र्यांनी हाकललेल्या अमेरिकेचा. ‘गुलामगिरी’ फुल्यांनी 1873 मध्ये अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि त्याच देशात दक्षिणेतले पाद्री बायबल उघडून गुलामी शास्त्रोक्त ठरवत आले होते. व्यासपीठ धर्माचं, फायदा मालकाचा, हा खेळ फुल्यांना ओळखीचा वाटला असला पाहिजे.

वर्तमानपत्रांचंही तसंच होतं. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांचं मत खोडण्यापेक्षा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टा करण्यावर भर दिला. आज कुठल्याही देशातली सनातनी वाहिनी हेच करते: म्हणणं बाजूला, माणूस गावठी. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये ‘दीनबंधु’ काढलं ते म्हणूनच. पण आपलं पत्रही नेहमी आपलं नसतं. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती गेलेल्या याच ‘दीनबंधु’ने ‘असूड’ची पहिली प्रकरणं छापली आणि पुढची थांबवली. फुल्यांनी भेकड संपादक म्हणून त्याची नोंद केली. अशी नोंद करायला मन मोठं लागतं, कारण ती आपल्याच माणसाविरुद्ध होती.

आता माझा सर्वांत आवडता तर्क. जून 1887 मध्ये फुल्यांनी ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि’ छापली. चौदा वर्षं लग्नं लागत होती, मग पोथी तेव्हाच का? काही जण दयानंद सरस्वतींच्या 1877 च्या ‘संस्कारविधी’ला दिलेलं उत्तर म्हणून तिच्याकडे बघतात, कारण 1875 मध्ये दयानंद पुण्यात आले तेव्हा फुले त्यांच्या मिरवणुकीच्या पाठीशी उभे राहिले होते. मला पटत नाही. ‘संस्कारविधी’त वेदमंत्र आहेत, म्हणजे म्हणणारा जाणकार पुन्हा लागणारच. फुल्यांच्या वहीत मराठी पद्यं आहेत, ती नवरा-नवरीने आलटून पालटून म्हणायची, नवरी हक्क मागते, नवरा शब्द देतो, आणि मग फुलं पडतात. मधे उभं राहायला तिसऱ्याला जागाच ठेवलेली नाही. अशी वही कुणाला हवी असते? कोर्टात ज्याला विचारलं जाणार आहे की बाबा, पुरोहित नव्हता तर विधी कोणता केलास? ओतूरच्या दाव्यानंतर प्रत्येक सत्यशोधक बापाला त्या प्रश्नाचं उत्तर खिशात हवं होतं. ‘सर्व’ हा शब्द शीर्षकात आला तोही त्यामुळेच, असं मी ठामपणे मानतो: जोशी उद्या वास्तुशांतीवर, परवा तेराव्यावर दावा लावेल, तेव्हा सगळंच लिहून ठेवा.

जोशांचा धाक एका खटल्याने गेला नाही. वतनी दक्षिणेचे दावे विसाव्या शतकातही गावोगाव चालूच राहिले, सातारा भागात सत्यशोधक जलसे फिरू लागले तेव्हाही. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांनी जोशी वतनाविरुद्धचं बिल लावून धरलं आणि 1926 मध्ये कायदा झाला: न बोलावलेल्या पुरोहिताला हक्क म्हणून दक्षिणा मागता येणार नाही. हेच ते बोले, ज्यांच्या 1923 च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि ज्याच्या बळावर 1927 मध्ये महाडला लोक चवदार तळ्यावर गेले.