संशयाचे धनी

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात आणि आसपास १८८८ साली ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या दहा आठवड्यांत पाच गरीब स्त्रियांचे खून झाले. मेरी अॅन निकोल्स, अॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज आणि मेरी जेन केली. खुनी सापडला नाही. ‘जॅक द रिपर’ हे नावही त्याचे स्वतःचे नसावे. एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्राखाली ते होते आणि पत्र बातमीदारानेच रचले, असे पुढे बड्या पोलीस अधिकाऱ्यांनी म्हटले.

आम्हाला यात खुन्याइतकाच संशयाचा प्रवास महत्त्वाचा वाटतो. १८८१नंतर रशियन साम्राज्यातील दंगलींतून जीव वाचवून आलेले ज्यू याच वस्तीत शिवणकाम, चांभारकाम करून राहत होते. असले कृत्य इंग्रज माणूस करणारच नाही, हे लोकांनी आधीच ठरवून टाकले! ‘लेदर अॅप्रन’ नावाच्या ज्यू गुंडाची वर्णने वृत्तपत्रांत झळकली. १० सप्टेंबरला जॉन पायझर या चांभाराला पकडले. निकोल्सच्या खुनाच्या रात्री तो दूर हॉलोवेत होता, गोदीतल्या आगीविषयी एका पोलिसाशीच बोलला होता. चॅपमनच्या खुनावेळी तो घरात लपून होता. का? तर लोक मारतील म्हणून.

३० सप्टेंबरच्या पहाटे एडोजच्या अॅप्रनचा रक्ताळलेला तुकडा गोलस्टन स्ट्रीटवर सापडला. वर भिंतीवर खडूने ज्यूंविषयी एक ओळ लिहिलेली. त्या चाळीत बहुतेक ज्यूच राहत. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन स्वतः आले आणि छायाचित्र घेण्याआधीच त्यांनी ती पुसायला लावली. दिवस रविवारचा, थोड्याच वेळात तिथे बाजार भरणार होता. पुरावा नष्ट केला म्हणून वॉरनना आजही दोष देतात. ओळ खुन्याचीच होती, याला मात्र आधार नाही. वॉरननी दंगल टाळली, असेच आम्ही म्हणू.

१८९४ साली मेलव्हिल मॅकनॉटन या अधिकाऱ्याने तीन नावे टिपणात लिहिली. पहिला मॉण्टेग्यू ड्रुइट. त्याला मॅकनॉटनने डॉक्टर ठरवले; तो होता बॅरिस्टर आणि शिक्षक. तिसरा ऑस्ट्रोग तर त्या काळात फ्रान्सच्या तुरुंगात असल्याचे नंतर उघड झाले. मधला कोस्मिन्स्की, पोलंडचा ज्यू. अॅरन कोस्मिन्स्की नावाचा एक केशकर्तनकार १८९१ साली वेड्यांच्या इस्पितळात गेला, १९१९ साली तिथल्यासारख्याच दुसऱ्या इस्पितळात वारला. त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही.

तरी २०१४ साली एका शालीवरील डीएनएच्या आधारे तोच खुनी, असे जाहीर झाले. २०१९ साली शोधनिबंधही आला. ज्या प्रकारचा डीएनए तपासला तो हजारोंचा सारखा असू शकतो, असे तज्ज्ञांनी बजावले. शाल एडोजच्या प्रेताजवळ मिळाली म्हणतात. पोलिसांनी तिच्या वस्तूंची यादी केली होती: चहाची डबी, साखरेची डबी, साबणाचे सहा तुकडे, सुया-टाचण्या, मोडका चष्मा, एकच लाल हातमोजा. शाल त्या यादीत नाही.