हायवे ८०वर बॉम्ब कुणी टाकले?

आजचा विषय शूटर गेम्स. थांबा, पळू नका. ‘गेम खेळून पोरं बिघडतात’ असलं काही मी बोलणार नाहीये. मी ऑडिओ मालिका लिहितो. गोष्टी रचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि युद्धाच्या गेमकडेही मी त्याच नजरेने बघतो. ही गोष्ट कुणी लिहिली आणि लिहिताना काय वगळलं, एवढंच मला बघायचं असतं.

१९९९पासून सुरू करू. स्टीव्हन स्पीलबर्ग ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या कामात होता, तेव्हा आपल्या मुलाला ‘गोल्डनआय’ खेळताना बघून त्याला दुसऱ्या महायुद्धावर गेम करायचं सुचलं. त्यातून प्लेस्टेशनवर ‘मेडल ऑफ ऑनर’ आला. व्हिएतनाममध्ये लढलेले निवृत्त मरीन कॅप्टन डेल डाय सल्लागार होते. समोर नाझी, त्यामुळे लेखकाचं काम तसं सोपं. कुणाला मारायचं आणि का मारायचं, हे आधीच ठरलेलं.

मग २००२. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, खुद्द अमेरिकन लष्कराने ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा गेम फुकट वाटला. हेतू लपवलेला नव्हता, तरुण पोरांनी भरतीकडे वळावं एवढाच. पण त्यातली एक युक्ती मला अजून थक्क करते. दोन टीम समोरासमोर खेळतात, आणि दोन्ही टीमना स्वतःच्या स्क्रीनवर आपण अमेरिकन सैनिकच दिसतो. समोरचा तेवढा शत्रू. त्याच वेळी त्याच्या स्क्रीनवर तुम्ही शत्रू असता, फक्त ते तुम्हाला कधी दिसत नाही. म्हणजे एवढे लोक खेळतायत आणि शत्रू व्हायला एकही माणूस नाही! लेखक परकायाप्रवेश करतो म्हणतात ना, त्याच्या हे बरोब्बर उलटं.

२००७च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर’मध्ये मात्र दोन प्रसंग असे आहेत, की ते लिहिणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. एकात तुम्ही एसी-१३० या विमानात तोफेवर बसलेले असता. खालची माणसं म्हणजे काळ्या स्क्रीनवरचे पांढरे ठिपके. तुम्ही बटण दाबता, ठिपके विझतात. किंकाळी वगैरे काही वर येत नाही. विमानातले लोक शांतपणे बोलत राहतात, क्रिकेटच्या कॉमेंट्रीपेक्षाही शांत. दुसरा प्रसंग सार्जंट जॅक्सनचा. अणुस्फोटानंतर तो पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर सरपटतो. बटणं तुमच्याच हातात आहेत, पण तुम्ही चार पावलं सरकता आणि मरता. काहीही दाबा, तो वाचत नाही. ऑडिओमध्ये हे मला कधीच जमणार नाही, कारण माझ्या श्रोत्याच्या हातात बटणच नसतं.

हे ठिपके लक्षात ठेवा. २०१२मध्ये बर्लिनच्या यागर कंपनीने ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ काढला. मुख्य लेखक वॉल्ट विल्यम्स, आधार जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’चा. वाळूच्या वादळांखाली गाडलेल्या दुबईत कॅप्टन वॉकर वरून व्हाइट फॉस्फरस टाकतो. पुन्हा तेच पांढरे ठिपके, पण या वेळी स्क्रीनच्या काचेत वॉकरचा स्वतःचा चेहरा दिसतो. नंतर गेम तुम्हाला त्या जागेतून चालायला लावतो, आणि कळतं की ठिपक्यांचा एक मोठा घोळका सैनिकांचा नव्हताच. तिथे आश्रयाला आलेली साधी माणसं होती.

यावर तक्रार झाली, की पुढे जायला दुसरा रस्ता द्यायचा नाही आणि वर खेळणाऱ्यालाच दोषी ठरवायचं, हा कुठला न्याय? मला ती तक्रार अर्धी पटते. कादंबरीतही वाचकाला पर्याय नसतो, पण कादंबरी वाचकाकडे बोट दाखवत नाही. तरीही, ठिपक्यांजवळ चालत जायला लावणं मला मोठं वाटतं. हा गेम आता डिजिटल दुकानांतून विकत मिळत नाही. २०२४मध्ये तो काढला गेला, कारण परवान्यांची मुदत संपली!

आता हायवे ८०. कुवेतहून इराकच्या बसराकडे जाणारा हा रस्ता. २६ फेब्रुवारी १९९१च्या रात्री इराकी सैन्य कुवेत सोडून त्यावरून परत पळत होतं. रणगाडे, ट्रक, पळवलेल्या कार, बस. अमेरिका आणि मित्रदेशांच्या विमानांनी ताफ्याची पुढची आणि मागची टोकं अडवली आणि मधल्या शेकडो गाड्या जाळल्या. किती माणसं मेली यावर आजही एकमत नाही. रस्त्याला नाव पडलं ‘हायवे ऑफ डेथ’.

२०१९च्या नव्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये याच नावाचा भाग आहे. देश काल्पनिक, उर्झिकस्तान. जळालेल्या गाड्यांच्या रांगा तशाच. आणि फराह ही तिथली कमांडर सांगते, की हा रस्ता रशियनांनी बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केला.

काल्पनिक देश उभा करणं हा लेखकाचा हक्क, मीसुद्धा नकाशावर नसलेली गावं लिहितो. पण मग रस्त्याचं नावही काल्पनिक घ्या ना! त्यांनी नाव ठेवलं, कारण त्या नावाला खऱ्या मेलेल्या माणसांचं वजन आहे. बदललं फक्त बॉम्ब टाकणाऱ्याचं नाव. पंधरा वर्षांचा पोरगा हे शब्द पहिल्यांदा गेममध्येच ऐकतो, आणि त्याच्या डोक्यात तो रस्ता रशियाच्या खात्यावर जमा होतो. रशियाची बाजू मी घेत नाहीये, त्यांच्या नावावर त्यांचे स्वतःचे हिशेब पुष्कळ आहेत. पण हा त्यातला नाही.

बरं, वगळणं हे काही गेमपासून सुरू झालं नाही. त्याच माघारीत, २८ फेब्रुवारीला, केनेथ जेरेकी या अमेरिकन फोटोग्राफरने एका जळालेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. ट्रकच्या काचेतून बाहेर यायचा प्रयत्न करताना तो तसाच कोळसा झालाय. एपी या वृत्तसंस्थेने अमेरिकेत तो वितरणातून काढून घेतला. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने छापला. इथे चेहरा आहे, दात आहेत, ठिपका नाही.

बघायचा असेल तर जेरेकीचं नाव टाकून शोधा, पण झोपायच्या आधी नको. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच.