'फी जरा जास्त वाटते' असं क्लायंट म्हणाला तर काय कराल?

सावेडीतला वेब डिझायनर असो, संगमनेरची आर्किटेक्ट असो की श्रीरामपूरचा कर सल्लागार, कोटेशन पाठवलं की उत्तर ठरलेलं असतं: "बघा ना काहीतरी कमी करून." अहिल्यानगर जिल्ह्यात त्यात ओळखही येते. "घरचंच काम समजा" म्हटल्यावर नाही म्हणणं अवघड होतं.

पण लगेच सूट देण्याआधी एक गणित बघा. समजा, कापड बाजारातल्या दुकानाची वेबसाइट तुम्ही 40 हजारांत करणार आहात. फोटोग्राफर, होस्टिंग, प्रवास यांवर 15 हजार जातात, हातात राहतात 25 हजार. क्लायंटने 10 हजार कमी करून घेतले तर त्याचं बिल 25 टक्क्यांनी उतरलं, तुमची कमाई मात्र 40 टक्क्यांनी. खर्च तेवढाच राहतो, त्यामुळे सगळी सूट तुमच्या मेहनतीच्या पैशातून जाते.

म्हणून आधी विचारा, "तुम्ही बजेट किती धरलंय?" खरंच तेवढे पैसे नसतील तर दर नको, काम कमी करा. फोटो दुकानदाराने द्यावेत, वर्षभराची देखभाल वगळावी, मग 30 हजार. "दुसरा स्वस्तात करतोय" असं असेल तर त्याच्या कोटेशनमध्ये काय काय आहे ते विचारा. देखभाल किंवा मराठी मजकूर त्यात अनेकदा धरलेलाच नसतो.

काही मागण्यांना मात्र कायदाच आडवा येतो. जमिनीच्या दाव्यात "निकाल लागला की त्यातला हिस्सा देतो" ही ऑफर वकिलाला स्वीकारता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे. सीएंनाही ठरावीक अपवाद वगळता हेच बंधन आहे.

"बिल नको, जीएसटी सोडा" हेही नेहमीचंच. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते. नोंदणी असेल तर कर सोडणं तुमच्या हातात नाही. क्लायंटचा व्यवसायही नोंदणीकृत असेल तर त्याला सांगा, की बहुतेक वेळा या कराचं क्रेडिट त्याला मिळतं. आणि सुपा एमआयडीसीतल्या कंपनीने व्यावसायिक फीतून 10 टक्के टीडीएस कापला तर ती सूट धरू नका, ते पैसे तुमच्या कर खात्यात जमा होतात.

सगळ्यात वाईट घासाघीस काम झाल्यावर होते. इथे 2006 चा एमएसएमईडी कायदा उपयोगी पडतो. तुमची 'उद्यम' नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. सेवेबद्दल तक्रार असेल तर क्लायंटने ती 15 दिवसांत लेखी द्यायची असते, नाहीतर काम स्वीकारलं असं धरलं जातं. त्यामुळे काम सोपवल्याची तारीख व्हॉट्सअॅपवर नाही, ईमेलवर टाका.

ओळखीच्या माणसाला एवढं कायद्याचं बोलणं जड जातं, हे खरं. तिथे काम सुरू करण्याआधीच हा मेसेज पुरतो: "काका, 30 हजारांत एवढं होईल, यादी सोबत पाठवतोय. बाकीचं पुढच्या टप्प्यात बघू. निम्मे आगाऊ मिळाले की सोमवारी सुरू करतो."